उलांडी लावूनही कनू एकाच बाजूला कलते? आधी पाईपचं वजन करा

तक्रार आधी सांगतो, म्हणजे ती तुमचीही आहे का हे कळेल. पीव्हीसी पाईपची उलांडी (नावेच्या बगलेला बांधायचा तरंगता आधार) घरीच करून कनूला, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या निमुळत्या होडीला, लावली. पहिल्या दिवशी नाव अशी स्थिर की काठाला कोपर टेकून दुर्बीण डोळ्याला लावावी. दुसरा दिवसही बरा गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र ती डावीकडे झुकायला लागली आणि नाकही डावीकडेच ओढू लागलं. घरी आणली, सगळं सोडून पुन्हा आवळून बांधलं. तीन आठवड्यांनी नेली तर पहिले दोन दिवस झकास, आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एक अख्खा उन्हाळा यात गेला. कारण शेवटी अगदी साधं निघालं, पण तिथवर पोचेपर्यंत मी चार चुकीच्या गोष्टी दुरुस्त केल्या होत्या. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

उलांडी हा शब्द आमच्या सोलापुरात कुणाला ठाऊक नाही. मालवणला माझे साडू असतात, त्यांच्याकडून तो उचलला. होडीच्या बगलेला, आडव्या काठ्यांच्या टोकाला बांधलेला तरंगता ओंडका म्हणजे उलांडी. कोकणात ती सहसा एकाच बाजूला असते. मी दोन्ही बाजूंना लावली, कारण माझी कनू चौदा फुटी, फायबरची आणि निमुळती आहे, आणि मी काही जन्माने दर्यावर्दी नाही. उजनीच्या काठावर मी ज्यांच्याकडे उतरतो ते मामा तिला 'पंख' म्हणतात. "सर, नावंला पंख लावलं खरं, पर ही तर एका पंखावरच बसतीय की," हे निदान त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात केलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

माझी रचना अशी. दोन्ही बाजूंना ११० मिलिमीटरचा (दुकानात चार इंची म्हणतात तो) पाईप, प्रत्येकी चार फूट. पुढच्या टोकाला ४५ अंशांचा बेंड वर वळवून त्यावर टोपी, म्हणजे नाक पाण्यात खुपसत नाही. मागे साधी टोपी. ॲल्युमिनियमचे दोन चौकोनी आडवे पाईप माझ्या पाठीमागे कनूच्या काठांवर बांधलेले, म्हणजे वल्हं मारताना हात मोकळा राहतो. कनूच्या मध्यरेषेपासून प्रत्येक पाईप तीन फुटांवर. नाव सरळ असताना पाईपची खालची कड पाण्याच्या दोन इंच वर. ही दोन इंचांची फट मुद्दाम ठेवायची असते. दोन्ही पाईप कायम पाण्यात टेकले तर नाव ओढायला जड होते. फट असली की नाव तीनेक अंश कलली की मगच पाईप टेकतो आणि तिला धरतो.

आता चुकीची निदानं.

पहिला संशय माझ्याच बसण्यावर. मी डावखुरा, म्हणून वजन डावीकडे पडत असेल असं वाटलं. पिशवी उजवीकडे ठेवून पाहिली. त्या दिवसापुरती नाव सरळ झाली, दुसऱ्या दिवशी पिशवीतला पाण्याचा कॅन कमी पडला. दुसरा संशय दोऱ्यांवर. नायलॉनची दोरी सोलापूरच्या उन्हात एका मोसमात भुसभुशीत होते हे खरंच आहे, म्हणून ती काढून ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून आणल्या. पंक्चरवाल्याकडे मागितल्या की मिळतात. ओढून गुंडाळल्या की अशा बसतात की हलायचं नाव नाही. ही दुरुस्ती आजही टिकून आहे, फक्त मूळ दुखण्याशी तिचा काही संबंध नव्हता. तिसरा संशय आडवे पाईप वाकल्याचा. सुतळी ताणून मापलं, सरळच होते. चौथा संशय पाईप गळत असल्याचा. इथे मी उत्तराच्या दारात उभा होतो आणि तिथूनच परत फिरलो.

झालं असं. सकाळी अंगणातल्या हौदात दोन्ही पाईप दाबून धरले. एकही बुडबुडा आला नाही. खात्री पटली की पाईप ठणठणीत आहेत. वर त्याच आठवड्यात पहाटे कनू हिप्परग्याच्या तलावावर नेली, दोन तास फिरलो, काही कललं नाही. म्हणजे दोष उजनीच्या वाऱ्याचा, असा शोध मी लावला आणि मामांना ऐकवलाही. मामा म्हणाले, "वारं काय फक्त तुमच्या डाव्या पंखालाच लागतंय व्हय?"

गाठ सोडवली ती अंगणातल्या फरशीनं. दोन फेऱ्यांच्या मधे मी पाईप सोडून मागची टोपी खाली करून भिंतीला उभे ठेवतो. डाव्या पाईपखाली शहाबादी फरशीवर दुपारी ओल दिसायची. कुंडीचं पाणी, मांजर, शेजारचा कूलर, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. एका दुपारी सौ. म्हणाल्या, "कुंडी तर परवाच गच्चीवर नेली. आता?" तेव्हा कुठे पाईप उचलून हलवला. आत पाणी डुचमळलं.

वजनकाट्यावर ठेवला. उजवा दोन किलो शंभर ग्रॅम. डावा चार किलो नऊशे. दोन्ही एकाच पाईपचे, एकाच मापाचे तुकडे. पावणेतीन लिटरहून जास्त उजनी मी घरी घेऊन आलो होतो.

पण मग हौदात बुडबुडे का आले नाहीत? आणि हिप्परग्याला काहीच का झालं नाही?

कारण हा पाईप नुसता गळत नाही, तो श्वास घेतो. मे महिन्यात मी आठवडाभर मामांकडे मुक्काम करतो. नाव दिवसभर काठावर उन्हात पडलेली असते आणि चार वाजता पक्षी बघायला पाण्यात उतरते. त्या उन्हात राखाडी पीव्हीसीवर हात ठेववत नाही. आतली हवा तापते, फुगते, टोपीच्या सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतून थोडी बाहेर निघून जाते. मग तो तापलेला पाईप गार पाण्यात जातो, उरलेली हवा आकसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढलं जातं. हवा साठ अंशांवरून अठ्ठावीस अंशांवर आली तर तिचं आकारमान जवळजवळ दहावा भाग कमी होतं. माझ्या चार फुटी पाईपची पोकळी साधारण दहा लिटरची, म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त लिटरभर पाणी आत येऊ शकतं. फट बारीक असेल तर पाव-अर्धा लिटर. पाच दिवसांत पावणेतीन लिटर म्हटलं की हिशोब जुळतो.

हिप्परग्याला मी पहाटे गेलो होतो. घरून गार पाईप निघाला तो गार पाण्यात गेला, श्वास घ्यायला कारणच नव्हतं. हौदाच्या परीक्षेतही तेच. बुडबुडा यायचा तर आतली हवा बाहेर ढकलली गेली पाहिजे, आणि गार पाईप गार पाण्यात कशाला काही ढकलेल? आणि अंगणात उभा केल्यावर उलटा प्रकार. फट टोपीच्या वरच्या कडेला होती, पाईप उभा केला की ती आतल्या पाण्याखाली जायची. दुपारी हवा फुगली की पाणी फटीतून फरशीवर, रात्री हवा आत. पाच-सहा दिवसांत पाईप आपोआप रिकामा. म्हणूनच तीन आठवड्यांनी नेल्यावर सगळं पुन्हा छान वाटायचं, आणि श्रेय मी माझ्या गाठींना द्यायचो.

तुमच्याकडे तपासायचं असेल तर पहिली पायरी काटा. फेरीवरून आल्या आल्या दोन्ही बाजूंचं वजन करा आणि पाईपवर मार्करने लिहून ठेवा. फरक दिसला तर फट शोधायची ती अशी: पाईप सावलीत गार होऊ द्या, टोपीच्या सांध्याला भांड्याच्या साबणाचा दाट फेस लावा आणि पाईपच्या मधल्या भागावर अंघोळीचं कढत पाणी ओता. उकळतं नको, पीव्हीसी पंच्याहत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडतं. आतली हवा फुगली की गळक्या जागी फेसाचा फुगा उठतो. माझ्याकडे दुसऱ्या तांब्यालाच उठला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरून बघायचा मोह आवरा. दाबलेल्या हवेने पीव्हीसी पाईप फुटला तर त्याच्या चकल्या उडत नाहीत, धारदार तुकडे उडतात.

फट पडली का, तर माझ्याच घाईनं. डावी मागची टोपी सगळ्यात शेवटी चिकटवली होती. सांधा पुसला नाही, पॉलिश कागदाने घासला नाही, सोल्यूशन एकाच बाजूला लावलं आणि चार तासांत पाण्यात. पूर्ण चोवीस तास द्यायला हवे होते. त्यात रोज दुपारी आतला दाब टोपीला ढकलतोय. पंचवीस अंशांना बंद केलेला पाईप पासष्ट अंशांना तापला तर चार इंची टोपीवर आतून बारा-तेरा किलोचा जोर येतो. चांगला सांधा तो सहज सोसतो. अर्धवट चिकटलेला महिनाभर सोसतो आणि मग केसभर उघडतो.

वरून दोन भागांची, मळून लावायची सील मी थापून पाहिली होती. पीव्हीसी तापून पसरतं आणि रात्री आकसतं, त्या ओढाताणीत ती पापुद्र्यासारखी सुटली. तुम्हीही लावाल, लावा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. टोपी कापून नवीन चिकटवणं हाच इलाज. आधीच्या टोपीमुळे पाईप दोन इंच आखूड होईल, तेवढाच उजवाही कापा.

आता मी तीन गोष्टी केल्यात, आणि पहिली सगळ्यात महत्त्वाची.

पाईपला श्वास घ्यायला दार दिलं. मागच्या टोकाला कायमच्या टोपीऐवजी आट्यांची टोपी बसवली, आट्यांवर टेफ्लॉन टेप. काठावर नाव पडलेली असताना ही टोपी सैल. पाण्यात उतरण्याआधी पाईपवर दोन बादल्या पाणी ओतायचं, पाच मिनिटं थांबायचं, तो गार झाला की टोपी आवळायची. या क्रमात उलटापालट करायची नाही. गरम असताना आवळली तर पुन्हा तेच, आत ओढ तयार होणार. परत काठावर आलो की पहिलं काम टोपी सैल करणं.

दुसरं, पाईप रिकामा ठेवला नाही. आत लिटरभराच्या झाकणबंद प्लॅस्टिकच्या बाटल्या घातल्या. चार इंची पाईपमध्ये त्या आरामात जातात, चार बसल्या. टोपी निखळून पाईप पूर्ण भरला तरी चार लिटरची उचल शाबूत राहते. याहून चांगलं म्हणजे थर्माकोलच्या गोल चकत्या, त्या जवळजवळ सगळी पोकळी भरतात. मासळीच्या धंद्यातली टाकून दिलेली थर्माकोलची खोकी उजनीकाठी भरपूर मिळतात. दोन पथ्यं मात्र पाळा. चकत्या प्लॅस्टिकच्या लांब पिशवीत बांधून मगच आत सारा, नाहीतर एक दिवस पाण्यावर पांढरे मणी सांडतील. आणि पीव्हीसीचं सोल्यूशन थर्माकोलला लागू देऊ नका, ते विरघळतं. मी एकदा चिकटवताना हात पुसायला थर्माकोलचाच तुकडा घेतला होता. तो हातातच आळला.

तिसरं, ऊन. पाईपला पांढरा रंग दिला. आणि काठावर नाव असली की पाईपवर जुनी सोलापुरी चादर ओली करून टाकतो. मामांना याचं फार हसू येतं: "नावंला थंडी वाजतीय बघा!" पण चादरीखालचा पाईप हाताला गार लागतो, हे त्यांनीही हात लावून बघितलंय.

थोडं वजनाच्या हिशोबाबद्दल, कारण पावणेतीन लिटरने एवढा काय फरक पडतो असं मलाही वाटलं होतं. चार फूट लांब, चार इंची पाईप पूर्ण बुडाला तर अकरा लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे अकरा किलोची उचल. त्यातून त्याचं स्वतःचं दोन किलो वजा करा, उरले नऊ. तीन फुटांवर नऊ किलो. कनूचा स्वतःचा तोल बाजूला ठेवला, तर सत्तर किलोचा माणूस बसल्या जागी साडेचार इंच सरकला की या पाईपची ताकद संपली. एवढंच त्याचं भांडवल. त्यात पावणेतीन किलो पाणी शिरलं की तेवढी उचल गेली, आणि वर तेच वजन पाईप हवेत असतानाही त्या बाजूला खाली ओढत बसतं. तुमचं वजन जास्त असेल किंवा नावेत कुत्रा-मूल घ्यायचं असेल तर सहा इंची, म्हणजे १६० मिलिमीटरचा पाईप घ्या. तेवढ्याच लांबीत चोवीस लिटर, निव्वळ उचल वीस किलोच्या घरात. खर्च वाढतो, ओढही थोडी वाढते, पण बळ दुपटीहून जास्त.

कललेपण पाण्यामुळे नसेल, वजनं सारखी भरत असतील, तर पुढचं बघा.

नाव कलत नाही पण एका बाजूला वळते, तर पाईप कनूला समांतर नाही. दोन्ही नाकांमधलं अंतर आणि दोन्ही शेपट्यांमधलं अंतर सुतळीने मोजा, सारखं हवं. मग कर्ण मोजा, तेही सारखे हवेत. इंचाचा फरकही नाव वळवायला पुरतो.

एकट्याने छान चालते, दोघं बसलं की जड होते. साठ किलोचा दुसरा माणूस बसला की चौदा फुटी कनू इंचभर खाली जाते, दोन इंचांची फट एकच इंच उरते आणि बारीकशा लाटेतही दोन्ही पाईप पाण्यात घासतात. आडव्या पाईपखाली घालायला इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या जवळ ठेवा.

पाईपचं नाक आपोआप खाली जातं, तर तुमची आडवी काठी गोल असणार. काठावर ती फिरते. चौकोनी पाईप घ्या, आणि एक नको, दोन घ्या. बांबूच वापरायचा असेल तर बुरुडाकडून पूर्ण वाळलेला आणा. ओला बांबू वाळताना बारीक होतो आणि कालची घट्ट गाठ आज सैल निघते. आणि काहीही झालं तरी आडवी काठी पाईपला जोडायला पाईपमध्ये बोल्टचं भोक पाडू नका. क्लॅम्प किंवा ट्यूबची पट्टी. प्रत्येक भोक म्हणजे पाईपला श्वास घ्यायला नवी फट.

सगळं ठीक असूनही नाव डगमगते, तर बैठक उंच आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्यांना बघितलंय ना? वजन वर गेलं की खाली पेलणाऱ्याचे हाल होतात. मी प्लॅस्टिकची खुर्ची कापून ठेवली होती, ती काढून तळापासून चार इंचांवर पट्ट्याची बैठक केली. उलांडीने जेवढं दिलं नाही तेवढं या चार इंचांनी दिलं. खरं तर हे आधी करायला हवं होतं.

उजनीवर एक वेगळी अडचण आहे. पाणीपातळी वजा टक्क्यांत (म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली) जाते तेव्हा काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी, त्यांचे पाईप आणि वायरी पाण्यामागे खाली खाली सरकत येतात. पळसदेवचं देऊळ उघडं पडतं तशीच जुनी खोडं आणि बांधही वर येतात. नुसती कनू त्यातून निघून जाते, पण सहा फूट रुंदीची उलांडी अडकते. जाळ्यांतही अडकते, आणि जाळं फाटलं तर नुकसान गरिबाचं होतं. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर, बुचं दिसली की लांबनं जावा." जाळ्याची बुचं दिसली की मी तीस-चाळीस फुटांचा वळसा घालतो. वायर दिसली तर त्या बाजूला जातच नाही. जाण्याआधी त्या जलाशयासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी लागते का ते विचारून घ्या.

आणि वळवाचा वारा. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगाव ते कळाशी या वाटेवर अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ती बोट माझ्या कनूच्या कितीतरी पट मोठी होती. उलांडी नावेचं डगमगणं थांबवते, वादळ थांबवत नाही. उलट एका बाजूचा पाईप लाटेखाली दाबला गेला तर तोच नावेला फिरवून आडवी करतो. मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेला ढग काळा झाला की मी काठ सोडत नाही, सोडला असेल तर परततो. लाइफ जॅकेट अंगावर, बैठकीखाली नाही.

या मोसमात आठ दिवस सलग उतरलो. शेवटच्या संध्याकाळी मामांच्या मासळीच्या काट्यावर दोन्ही पाईप, बाटल्यांसकट ठेवले. उजवा दोन किलो दोनशे, डावा दोन किलो अडीचशे. पन्नास ग्रॅम कसले म्हणून मामांनी टोपी उघडून पाईप उलटा केला. आतून काही आलं नाही. मग त्यांनी टोपीच्या आट्यांत अडकलेला चिखल नखाने खरवडून काढला आणि पुन्हा काट्यावर ठेवला.